बादलीतला परका भुंगेरा

वळवाचा पहिला चांगला पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे गोळा करायची आपली लगबग सुरू होते. अंधार पडताना कडुनिंबाच्या, बाभळीच्या फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे वेचायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. गेल्या वर्षी आमच्या गटानेही हे केलं. सकाळी बादली ओतली तर त्यात पाच-सहा मोठे काळेभोर भुंगेरे निघाले, अंगावर पांढरे ठिपके. पोरांनी बांधावरचे दगड उलटून ते जास्तीचे म्हणून आणले होते. मी त्यांना शाबासकीसुद्धा दिली होती! पण ते हुमणीचे नव्हतेच. तो आपला राखणदार होता.

आधी नातं सांगते. हुमणीचा भुंगेरा आणि हा, दोघेही ढालपंखी कीटक. म्हणजे वरचे दोन पंख ढालीसारखे कडक. पण कुळं वेगळी. याच्या कुळाला शास्त्रज्ञ कॅराबिडी म्हणतात, आपण जमिनीवरचे भुंगेरे म्हणू. जगात त्यांच्या सुमारे ४०,००० जाती आहेत. आमच्या बादलीतला होता सहा ठिपक्यांचा. दोन ठिपके छातीवर, चार पाठीवर. लांबी जवळजवळ दीड इंच. त्याला उडता येत नाही, तो पळतो. त्याचे बहुतेक भाऊबंद आफ्रिकेत असतात.

आता ओळखायचं कसं? मिशा बघा. हुमणीच्या भुंगेऱ्याच्या मिशा आखूड, टोकाला पंख्यासारख्या पाकळ्या. याच्या मिशा दोऱ्यासारख्या सरळ, बारीक मण्यांच्या माळेगत. हुमणीचा भुंगेरा तपकिरी, गुबगुबीत, पाय टाकत कसाबसा चालणारा. याचे पाय लांब, छाती पोटापेक्षा अरुंद आणि तोंडाला अडकित्त्यासारखे जबडे. हुमणीचा झाडावर पाला खात बसलेला सापडतो, हा दगडाखाली, पालापाचोळ्यात, बांधाच्या गवतात, ढेकळांच्या फटीत. दिवसा बहुधा दडून राहतो, रात्री शिकारीला निघतो. अळ्या, जमिनीतले कोष, लहान किडे, जे सापडेल ते. या कुळातल्या काही जाती गवताचं बी खातात, पण बहुतेक शिकारीच.

अळीतही फरक आहे, आणि खुरपताना तोच जास्त उपयोगी पडतो. हुमणीची अळी पांढरी, जाड, उचलली की इंग्रजी सी अक्षरासारखी वळते. ती मुळं खाते. याची अळी लांबट, सरळ, पुढे जबडे, शेपटीकडे दोन टोकं आणि हातात घेतली तर सुरसुर पळते. तिला खुरप्याने चिरू नका. जमिनीत दाणेदार औषध टाकलं तर मात्र हा फरक कोण करणार? औषधाला मिशा दिसत नाहीत.

एक जपायची गोष्ट. त्या रात्री एका पोराचा डोळा फार चुरचुरत होता. आम्हाला वाटलं, कचरा गेला. हा भुंगेरा चिडला की मागून आम्लाची चिळकांडी मारतो. मुंगी चावल्यावर आग होते ना, त्याच जातीचं आम्ल. याच कुळातले दुसरे काही तर शेपटीकडून फटकन आवाज करत उकळता फवारा सोडतात. म्हणून उघड्या हाताने धरू नका, तोंड जवळ नेऊ नका. डोळ्यात उडालंच तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवायचं आणि दवाखाना गाठायचा.

यंदा आम्ही बादलीशेजारी एक कोरडा डबा ठेवणार आहोत. फक्त झाडावरचे भुंगेरे बादलीत. दगडाखालचे कुणी आणलेच तर काडीने डब्यात आणि रात्रीच परत बांधावर. पोरांना शाबासकी मिळेल, पण आता ठिपके मोजून दाखवल्यावर.