हातातला जोर

(भंडारा जिल्ह्यातील डॉक्टरांच्या वार्षिक संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



 

पत्रिकेत माझा विषय ‘वार्धक्यातील आरोग्य : जिल्ह्याचा आढावा’ असा छापला आहे. तर आढावा. २०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाख ३३४ होती. राज्यात तेव्हा शंभरात जवळपास दहा माणसं साठीपुढची होती. आपली तरणी पोरं नागपूर-पुण्याला गेली, त्यामुळे लाखांदूर-पवनीकडच्या एखाद्या गावात दुपारी गेलात तर हे प्रमाण मोजावं लागत नाही, ओट्यांवर बसलेलं दिसतं. रक्तदाब आहे, मधुमेह खेड्यात पोचला आहे, मोतीबिंदूची शिबिरं होतात, वृद्धांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११पासून आहे. या सगळ्यावर बोलणारे जाणकार आजच्या सत्रांत आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्याही सत्रात जे नाही, तेच मला बोलायचं आहे. कित्येक वर्षं मी ते समोर बसून गिळलं. आज माइक माझ्या हातात आहे.

आपण म्हाताऱ्या माणसाच्या हातातला जोर मोजत नाही. एवढीच माझी तक्रार आहे.

लाखांदूरकडची एक माय माझ्याकडे आली, खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झाल्यानंतर. सुनेनं प्लास्टिकच्या पिशवीतून सगळे कागद काढले. दर महिन्याचा रक्तदाब होता, साखर होती, ईसीजी होता, टॉनिकची चार नावं होती. मी विचारलं, पडायच्या आधी काही त्रास होता का? माय म्हणाली, “हाताले जोरच नाही राहिला जी. गुंड सुटते हातातून. दोन वर्षांपासून सांगून राहिली मी.” तिनं खरंच सांगितलं होतं. एका कागदावर ‘अशक्तपणा’ लिहिलेलं होतं, त्यापुढे सलाईन. तिचा हात हातात घेऊन ‘दाब बरं’ असं कोणीही म्हटलं नव्हतं. पाण्यानं भरलेला गुंड हातातून सुटणं हे तिच्या शरीरानं दिलेलं स्पष्ट लक्षण होतं. त्याला आपल्या कागदावर रकानाच नाही.

काही मित्र म्हणतील, डॉक्टरसाहेबांना म्हातारपणी नवा छंद लागला. तर ऐका. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये ‘प्युअर’ अभ्यासाचे निष्कर्ष आले. सतरा देश, त्यांत भारतही, आणि सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं, पस्तीस ते सत्तर वयाची. मुठीची ताकद पाच किलोनं कमी असली की पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका सोळा टक्क्यांनी जास्त आढळला. हृदयविकार-पक्षाघातानं होणाऱ्या मृत्यूचा सतरा टक्क्यांनी. मृत्यूचं भाकीत करण्यात ही मूठ वरच्या रक्तदाबापेक्षा सरस ठरली. ज्या आकड्यासाठी आपण दिवसातून पन्नास वेळा पट्टा बांधतो, त्याच्यापेक्षा सरस! त्याआधी १९९९मध्ये होनोलुलूच्या पुरुषांचा अभ्यास आला होता. पंचेचाळीस ते अडुसष्ट वयाच्या सहा हजारांवर धडधाकट माणसांची मूठ मोजून ठेवली होती. पंचवीस वर्षांनी पाहिलं तर ज्यांची मूठ तेव्हा कमजोर होती, त्यांनाच पुढे चालणं आणि उठणं-बसणं जड गेलेलं.

आणि हे साता समुद्रापलीकडचं म्हणून सोडून देऊ नका. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८मध्ये देशभर ‘लासी’ पाहणी केली. पंचेचाळीसच्या पुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार अशा सत्तर हजारांवर लोकांच्या घरी जाऊन जे मोजलं, त्यात मूठही होती. देशाची गोळाबेरीज झाली, शोधनिबंध निघाले. आपल्या ओपीडीच्या कागदावर मात्र ती ओळ अजून आलेली नाही.

आता या संमेलनांत वर्षानुवर्षं चालणाऱ्या वादांकडे येतो.

पहिला वाद : आपली माणसं कष्टाची आहेत, त्यांना हे शहरी दुखणं कशाला? रोवणीत दिवसभर वाकून परे लावणारी बाई, विडी वळणारी बाई, आंधळगावचा कोसा विणणारा विणकर, चिखल्याच्या मँगनीज खाणीत राबलेला माणूस, यांची ताकद कमी कशी होईल? मी सांगतो कशी होईल. भंडाऱ्यात पितळेच्या भांड्यांवर हातोडा चालवणारे एक कारागीर माझे जुने पेशंट. सत्तरी ओलांडलेली. उजव्या हातानं त्यांनी मूठ मोजायचं यंत्र, डायनॅमोमीटर, असं दाबलं की शेजारी उभा असलेला माझा कंपाउंडर कौतुकानं हसला. मग मी म्हटलं, बाबाजी, आता डावा. डावा निम्म्याच्या आसपास. “खुर्चीवरून हात न टेकता उठा” म्हटलं, तर उठता येईना. तेव्हापासून मी माझ्याकडच्या तरुण डॉक्टरांना सांगत आलो की उजवा हात धंद्याचा असतो, डावा शरीराचा. शास्त्र म्हणतं, दोन्हींतला मोठा आकडा धरा. धरा, पण दोन्ही लिहा. विडी वळून चिमूट तरबेज होते, मूठ होत नाही. आणि पाठीच्या कण्यातून स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी वयाबरोबर मरतात, झटक्यात जोर लावणारे तंतू आधी झिजतात. कष्ट केलेल्या माणसाचेही झिजतात.

आपल्या माणसांची तर सुरुवातच तुटीतून होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बाया आणि त्यांची बाळं अभ्यासली. आपलं बाळ सरासरी दोन किलो सातशे ग्रॅमचं, इंग्लंडमधलं साडेतीन किलोचं; आणि आपल्या बाळात चरबी टिकून, स्नायू कमी. तिकडे इंग्लंडमध्येच असंही आढळलं की जन्मवजन कमी असलेल्यांची मूठ साठीतही कमी भरते. म्हणजे लाखांदूरची माय साठीत कमजोर झाली, त्याचा काही हिशेब तिच्या आईच्या पोटात असतानाचा आहे. त्यावर आयुष्यभर भाताचं ताट. शंभर ग्रॅम तांदळात प्रथिनं सात-आठ ग्रॅम. पन्नास किलोच्या म्हाताऱ्या बाईला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम लागतात. धुऱ्यावरची तूर विकायला जाते, मामा (माजी मालगुजारी) तलावातली मासोळी पोरांच्या ताटात जाते, आणि दात गेलेली आजी भाताची पेज पिऊन निजते. हे मी घराघरांत पाहिलं आहे आणि मला त्याचा राग येतो.

दुसरा वाद आमच्या हाडांच्या डॉक्टर मित्रांचा. ते म्हणतात, मूठ कमी भरण्याची कारणं शंभर. अंगठ्याच्या सांध्याची झीज, मनगटात दबलेली नस, मानेचा मणका, आणि आपल्या भागात कुष्ठरोग. मग आकड्याचा अर्थ काय लावायचा? अहो, अर्थ लावायला तर तुम्ही आहात! ताप शंभर कारणांनी येतो म्हणून कोणी थर्मामीटर फेकून दिला का? आशाताईंच्या तपासणीच्या फॉर्ममध्ये हातात वस्तू धरायला त्रास होतो का, हा प्रश्न आहे. तो कुष्ठरोगासाठी आहे, आणि योग्यच आहे. पण कातडीवर चट्टा नाही, नस जाड नाही, असं दिसलं की तो प्रश्न तिथेच मिटतो. त्या बाईचा हात कमजोर आहे, ही गोष्ट कोणाच्याच खात्यात जमा होत नाही.

तिसरा वाद शहाण्यांचा आहे, म्हणून त्याला मान देऊन उत्तर देतो. मूठ हे कारण नव्हे, खूण आहे. रबरी चेंडू दाबून कोणाचं आयुष्य वाढत नाही. मान्य, शंभर टक्के मान्य. चेंडू विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. मूठ आपल्याला साऱ्या अंगाच्या स्नायूंची बातमी देते, आणि उपचार साऱ्या अंगाचा करायचा असतो. मोहाडीकडचे एक वयस्क विणकर न्यूमोनियानं बरेच दिवस दवाखान्यात पडून होते. घरी आले ते मुलाच्या खांद्यावर. मागावर बसणं सुटलं. आधी ज्यांना दाखवलं त्यांनी सांगितलं होतं, वय झालं, आता एवढंच. मी सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ खुर्चीवरून उठा-बसा, आधी हात टेकून, मग न टेकता. वाळू भरलेल्या पिशव्या उचला, दर आठवड्याला वाळू वाढवा. रोज अंडी, वाटीभर घट्ट वरण. त्यांच्या मुलीनं ते व्रतासारखं पाळलं. पाऊस सुरू झाला तेव्हा ते माझ्या दवाखान्याची पायरी आपल्या पायानं चढले. “घेवा, दाबतो” म्हणून त्यांनी स्वतःच हात पुढे केला. १९९०मध्ये अमेरिकेत बोस्टनला नव्वदीच्या आसपासच्या दहा दुबळ्या वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा व्यायाम करवून घेतला होता, शेवटपर्यंत टिकलेल्यांची ताकद सरासरी जवळपास पावणेतीन पट झाली. नव्वदीत! आणि आपण पासष्टीच्या माणसाला वय झालं म्हणून सांगतो. वय झालं हे निदान मला यापुढे एकाही कागदावर वाचायचं नाही.

उरला पैशाचा मुद्दा. डायनॅमोमीटर नाही म्हणता? ज्याच्याकडे रक्तदाबाचं यंत्र आहे, त्याच्याकडे मूठ मोजायचं यंत्र आहे. पट्टा गुंडाळा, वीसपर्यंत हवा भरा, माणसाला ताठ बसवा, कोपर काटकोनात, आणि म्हणा, दाबा. काटा किंवा पारा जिथवर जातो तो आकडा लिहा. हे किलो नव्हेत, दुसऱ्या कोणाशी तुलना करू नका. पण त्याच माणसाचा सहा महिन्यांनी पुन्हा घ्या आणि घसरला का ते बघा. संधिवाताच्या डॉक्टरांनी हे पूर्वीपासून केलं आहे. डायनॅमोमीटर मिळालं तर आशियाई तज्ज्ञांनी २०१९मध्ये ठरवलेली मर्यादा वापरा : पुरुष अठ्ठावीस किलोंच्या खाली, बाई अठराच्या खाली, तर सावध व्हा. पाच वेळा खुर्चीवरून उठायला बारा सेकंद किंवा जास्त लागले, तरी सावध व्हा.

माझे गुरू प्रत्येक म्हाताऱ्याचा हात आधी हातात घेत आणि मग बोलायला लागत. तेव्हा आमच्याकडे तपासण्या नव्हत्या. आज तपासण्या आहेत, आणि पेशंट टेबलाच्या पलीकडे बसतो, त्याचा रिपोर्ट अलीकडे येतो, हात तिकडेच राहतो. त्या जुन्या दिवसांची मला फार आठवण येते.

पुढच्या वर्षासाठी काही कामं सुचवतो. प्रत्येक तालुक्यात निदान एक यंत्र असावं. पैसे कुठून, ते कार्यकारिणीनं पाहावं. केसपेपरवर ‘मूठ : उजवी, डावी’ अशी एक ओळ छापून घ्यावी. रोवणीच्या आधी आणि धानकापणीनंतर काही गावांत मोजणी करून पाहावी. कोणती गावं, किती माणसं, ते तरुण मंडळींनी बसून ठरवावं. मी त्यांच्यासोबत येईन.

बाहेर चहाच्या टेबलाशेजारी फिजिओथेरपीच्या मुली यंत्र घेऊन बसल्या आहेत. आपल्यापैकी जे पंचेचाळीसच्या पुढे आहेत, त्यांनी जेवणाच्या आधी दोन्ही हातांनी तीन-तीन वेळा ते दाबावं आणि सर्वांत मोठा आकडा आपल्या नोंदणीच्या कार्डावर लिहावा. जेवणानंतरच्या सत्राची सुरुवात मी त्या कार्डांपासून करणार आहे.