नरसिंह राव : सरकारची मर्यादा आणि सरकारचे कर्तव्य



हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी तेलुगूत नेणारा रसिक पुढे देशाचा पंतप्रधान झाला, याचे अप्रूप मराठी ग्रंथालयाला विशेष वाटावे. पी. व्ही. नरसिंह राव मूळचे तेलुगूभाषक. परंतु मराठी त्यांना उत्तम येत असे आणि विदर्भातील रामटेकने त्यांना १९८४ व १९८९ साली लोकसभेवर पाठविले होते.

२१ जून १९९१ रोजी त्यांनी सूत्रे स्वीकारली, तेव्हा परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. सोने परदेशी गहाण पडले. रावांनी उद्योगखाते स्वतःकडे ठेवले. २४ जुलै रोजी डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला, त्याच दिवशी अठरा उद्योग वगळून इतरांना परवान्याच्या बंधनातून मोकळे करणारे धोरण जाहीर झाले. काय आणि किती निर्माण करावे हे कारखानदाराने ठरवावे, मंत्रालयाने नव्हे, हे त्याचे मर्म. १९९१-९२ मध्ये दीड टक्क्याच्याही आत असलेला वाढीचा वेग १९९४-९५ पर्यंत सहा टक्क्यांपलीकडे गेला.

सुरतेला याचे मोल सांगावयास नको. येथे हिरा परदेशातून कच्चा येतो आणि पैलू पडून परदेशी जातो. चलनाची वाट अडली की कारागिराचा हात थांबतो.

परंतु याच सुरतेने दुसरी बाजूही दाखविली. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर येथेही दंगलीत रक्त सांडले. नागरिकाच्या जीविताचे रक्षण हे सरकारचे पहिले काम. तेथे रावांचे सरकार उणे पडले. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भयाने लाखो माणसे शहर सोडून गेली. कापड आणि हिरे यांनी शहराला पैसा दिला होता, स्वच्छता दिली नव्हती. १९९५ साली आलेले महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकार विभागवार वाटून, अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवून तेच शहर नावारूपाला आणले.

नरसिंह राव २३ डिसेंबर २००४ रोजी निवर्तले. भारतरत्न मिळण्यास २०२४ साल उजाडले. त्यांचा गौरव करताना दोन्ही धडे जमेस धरावेत. सभासदांच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या ग्रंथालयाला माणसे आपण होऊन काय उभारू शकतात हे ठाऊक असते. त्याच्या दारापर्यंतचा रस्ता मात्र महापालिकेनेच झाडावा लागतो.