आदिलाबादहून रेवस–रेडी

आपल्या आदिलाबादपासून समुद्र दूर. तरी कोकणच्या सागरी महामार्गाने रेवस ते रेडी सायकल चालवायची इच्छा इथल्या कुणालाही होऊ शकते, आणि ती पुरी होण्यासारखी आहे. नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबई गाठा. सायकल पार्सल डब्यात टाका. भाऊच्या धक्क्यावरून लाँच रेवसला नेते.

समुद्रकाठचा रस्ता सपाट असेल, या समजुतीत राहू नका. प्रत्येक खाडीशी उतार, पलीकडे लगेच चढ, वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, म्हणजे पठार, सावलीला झाड नाही. दिवसाकाठी असे चार-पाच चढ पायातलं बळ काढून घेतात. म्हणून महिनाभर आधी निर्मलजवळच्या महबूब घाटात सराव करा, तोही सामान लादूनच.

आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या खाड्यांवरच्या फेरीबोटी तुमचं वेळापत्रक ठरवतात. शेवटची फेरी चुकली तर मुक्काम अलीकडेच! त्यामुळे रोज साठ किलोमीटरच धरा. डिसेंबर-जानेवारी उत्तम. खाऱ्या हवेत साखळी लवकर गंजते. रात्री फडक्याने पुसून तेलाचे दोन थेंब सोडा. आणि उतारावर सुटण्याआधी ब्रेकचे रबर बोटाने चाचपून बघाच.