दुसऱ्यांदा पाहिलेले दोन चित्रपट



‘अलीकडे काय पाहिले ते सांगा,’ असे चिटणिसांनी सुचवले, तेव्हा मी उत्साहाने होकार दिला. घरी आल्यावर ध्यानात आले, की पाहिले पुष्कळ, पण सांगण्याजोगे थोडे. मालिका तर इतक्या संपवल्या, की एकीतला सासरा मला दुसरीत आठवतो! तेव्हा आज दोनच चित्रपटांविषयी बोलेन. दोन्ही चैतन्य ताम्हाणे यांचे, आणि दोन्ही मी नुकतेच दुसऱ्यांदा पाहिले.

‘कोर्ट’ २०१५ साली आला, तो मी थिएटरात पाहिला होता. एका शाहिराच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आणि त्याचा खटला. शाहीर झाले होते वीरा साथीदार. पण माझ्या मनात घर केले ते गीतांजली कुलकर्णींच्या सरकारी वकीलबाईंनी. या बाई न्यायालयात कलमे धडाधड वाचतात, मग लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. त्यांचा संताप यावा अशी आपली तयारी झालेली असते, आणि दिग्दर्शक आपल्याला त्यांच्याच घरी नेऊन बसवतो. संताप जात नाही. फक्त पहिल्याइतका सोपा राहत नाही.

शेवटी न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. दिवे मालवतात, पडदा काळा होतो. आमच्या थिएटरात लोक उठलेसुद्धा. माझ्या शेजारचे गृहस्थ पायाने चपला चाचपू लागले. तोच चित्रपट पुन्हा सुरू! न्यायाधीश सहलीला गेले आहेत, बाकावर डुलकी घेत आहेत. पोरे ओरडून त्यांना दचकवतात आणि एकाला थप्पड बसते. शाहीर तिकडे कोठडीतच. आमचे गृहस्थ अखेरपर्यंत उभे होते. मागून कोणी ‘बसा’ म्हटले नाही.

‘द डिसायपल’ची गोष्ट निराळी. व्हेनिसच्या महोत्सवात २०२० साली त्याच्या पटकथेला पारितोषिक मिळाले. मी तो २०२१ च्या उन्हाळ्यात, करोनामुळे थिएटरे बंद असताना, नेटफ्लिक्सवर पाहिला. ख्यालगायकीसाठी जन्म वेचणाऱ्या, पण वर न पोहोचणाऱ्या एका गायकाची ही कथा. तो रात्री मोटारसायकलवरून मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांनी संथपणे जातो, आणि कानात माईंचे जुने बोल चालू असतात: साधना, एकांत, पैशाविषयी निर्लोभ. आवाज सुमित्रा भावे यांचा. चित्रपट घरोघरी पोहोचण्यापूर्वी थोडेच दिवस त्या गेल्या होत्या.

आता कबुली देतो. ते प्रसंग मी दहा-दहा सेकंद पुढे ढकलले. बटण हाताशी होते, आणि पडद्यावर काही घडत नव्हते! वर भेटेल त्याला सांगत सुटलो, की चित्रपट संथ आहे. आमच्या दादांनाही फोनवर तेच सांगितले. दादा बारा वर्षे गाणे शिकले आणि मग बँकेत लागले. ते म्हणाले, ‘मोटारसायकलवर तो काय ऐकतो, ते ऐकलंस?’ मी गप्प. मग ते पावसाविषयी बोलू लागले.

परवा त्यांच्या घरी पुन्हा पाहिला. रिमोट त्यांनी आपल्या मांडीवर ठेवला होता. रेकॉर्डांचा संग्रह करणारा तो गृहस्थ माईंविषयी नको ते सांगतो, तेव्हा दादा खुर्चीत पुढे सरकले. आणि शेवटी आगगाडीच्या डब्यात गात जाणारा तो भिकारी आला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसायला घेतला. संथपणाचा शब्द मी त्यांच्याजवळ परत घेतला.

एक तक्रार मात्र कायम आहे. दूरचित्रवाणीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत चमकणारी ती मुलगी या गायकासमोर फार ठळक रंगवली आहे. तिथे दिग्दर्शकाचा हात जड पडला. दादांना हे मान्य नाही. ‘तिनेही रियाज केलाच असेल की!’ असे ते म्हणतात. आमचा वाद अजून मिटलेला नाही.