दरडोई म्हणजे कुणाच्या डोई?



‘कॉम्प्युटरवर काहीतरी बोल’ असा संयोजकांचा निरोप होता. मी वीज हा विषय निवडला. माझं सगळं काम शेवटी तिच्यावरच चालतं. ऊर्जेत पेट्रोल, गॅसही येतात, पण आज विजेपुरतंच बोलते.

भारताचा दरडोई वीजवापर २०२३-२४ मध्ये १,३९५ युनिट होता. अमेरिकेत तो १२,००० च्या आसपास, आणि आइसलँडमध्ये ५०,००० च्या घरात. म्हणजे तिथला माणूस आपल्या पस्तीसपट वीज जाळतो का? मुळीच नाही. लोकसंख्या चार लाखांच्या आत, आणि ६० टक्क्यांहून अधिक वीज ॲल्युमिनियमचे कारखाने खातात. कच्चा माल जहाजानं येतो, धातू जहाजानं जातो. वीज मात्र आइसलँडच्या खात्यावर पडते. घरं तर बहुतेक जमिनीखालच्या गरम पाण्यावर ऊबदार राहतात!

आमच्या धंद्यातलं उदाहरण आयर्लंडचं. २०१५ मध्ये तिथली पाच टक्के वीज डेटा सेंटर्सना लागायची, २०२३ मध्ये २१ टक्के. शहरांतल्या सगळ्या घरांपेक्षा जास्त. व्हिडिओ जगात कुणीही बघो, युनिट आयरिश माणसाच्या डोक्यावर.

आता घरांकडे येऊ. अमेरिकेतलं सरासरी घर महिन्याला ९०० युनिटच्या आसपास वापरतं, आपल्याकडचं साधारण १००. हा फरक खराच आहे. पण इथे बसलेल्या किती जणांचं मे महिन्याचं बिल १०० युनिटचं असतं? एसीवाल्यांचं ३००-४०० होऊनही सरासरी १०० राहते, कारण कुणीतरी एक पंखा आणि दोन दिव्यांवर भागवतं. बिहारचा दरडोई वापर देशाच्या सरासरीच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. हवामानबदलाच्या चर्चेत ‘आमचा दरडोई वापर कमी’ असं भारत म्हणतो, ते योग्यच आहे. मात्र त्या वाक्याच्या सावलीत आपण एसीवाल्यांनी बसू नये, असं मला वाटतं.

आता जेवणाआधी एक काम. मोबाईलवर गेल्या मे महिन्याचं बिल काढा. परदेशातून आलेल्यांनीही. ‘अ’ आणि ‘ब’ तुकडीची वेगवेगळी सरासरी मी लगेच काढते. गच्चीवर सोलर असलेल्यांनी वजाबाकीनंतरचा आकडा सांगायचा नाही!