डिकीतली माणसं

(वसंत व्याख्यानमालेत गुंफलेल्या पाचव्या पुष्पाचे शब्दांकन)



आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी ‘सात सीटच्या गाडीतली शेवटची ओळ’ असं सांगितलं. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग ते म्हणाले, ‘सर, आदल्या दिवशी ज्ञानेश्वरी आहे, दुसऱ्या दिवशी पाणीप्रश्न आहे. मधे हे बसेल ना?’ मी म्हटलं, बसेल, गुडघे पोटाशी घेऊन बसेल. (हशा)

एकतीस वर्षं मी गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कारखान्यात काढली. आज स्टेशनवर मला घ्यायला आलेली गाडी सात सीटचीच होती. मला पुढे बसवलं, मधल्या ओळीत कार्यकारिणी बसली आणि सतरा-अठरा वर्षांच्या स्वयंसेवकाला कुणीतरी म्हणालं, ‘तू मागे डिकीत बस रे.’ तो बिचारा निमूट बसला. त्याच्या मांडीवर माझी बॅगही आली.

‘डिकी’ हा शब्द ऐकलात ना? डिकी सामानाची. गाडीच्या कागदावर तिथे माणसासाठी जागा नोंदलेली असते, पण आपल्या तोंडी ती अजून सामानाचीच जागा आहे. मला वाटतं, लोकांची भाषा इथे जाहिरातीपेक्षा खरं बोलते.

पूर्वी हे खोटं नव्हतं. १९९४ साली टाटा सुमो आली. तिच्या मागच्या भागात दोन बाकडी समोरासमोर, आडवी. आमच्याकडच्या वडापवाल्याने तिथे किती माणसं कोंबली हे मोजायला वेगळं व्याख्यान लागेल. पट्टा नाही, डोकं टेकायला काही नाही, पण फसवणूकही नव्हती. बसणाऱ्याला ठाऊक असायचं की आपण बाकड्यावर बसलोय. २००५ मध्ये इनोव्हा आली आणि मागची ओळ तोंड पुढे करून बसायला लागली. तिला पट्टा आला, कप ठेवायला खळगा आला. पुढे चार मीटरच्या आतल्या गाडीवर कर कमी, म्हणून तेवढ्यातही सात माणसं बसवायची ओढ लागली. २०१९ची रेनॉ ट्रायबर ३९९० मिलिमीटर लांब आहे. तिच्या साती सीट उभ्या केल्या की मागे सामानाला ८४ लिटर जागा उरते. ८४ लिटर म्हणजे एक मोठी बॅग आणि वर लाडूचा डबा. मागच्या ओळीच्या सीट काढून ठेवता येतात आणि काढल्या की ६२५ लिटर जागा होते. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. ती गाडी सरळ सांगते की माणसं न्या नाहीतर सामान न्या.

आता बसण्याचं बघू. घरातल्या खुर्चीची उंची सोळा-सतरा इंच असते, म्हणून पाय जमिनीला टेकतात आणि मांडीचा भार गादी घेते. गाडीत मागे काय होतं? मागच्या आसावरून चासीचे दांडे कमानीसारखे वर उचललेले असतात. त्यामुळे पायाखालची जमीन वर येते आणि छत मागे उतरत जातं. या दोन्हींच्या मधे सीट बसवायची, तर गादी खाली दाबण्यावाचून इलाज नसतो. मापाची टेप लावून बघा, जमीन ते गादीची कड हे अंतर कितीतरी गाड्यांत फुटाच्या आसपास भरेल. गुडघे वर येतात, मांडी अधांतरी राहते आणि सगळा भार माकडहाडावर पडतो.

कारखान्यात आम्ही सीट मोजायला एक यंत्र वापरायचो. माणसाच्या पाठीचा, मांड्यांचा आणि पायांचा आकार, वजन सुमारे ७५ किलो. ते सीटवर ठेवायचं आणि कमरेचा सांधा नेमका कुठे येतो ते मोजायचं. गाडीतली बाकीची बरीचशी मापं त्या एका बिंदूवरून निघतात. यंत्र उत्तम होतं. फक्त ते दहा मिनिटांनी चुळबुळ करत नाही आणि त्याला मळमळत नाही.

माणूस मात्र चुळबुळ करतो. गुडघे टोचतात, डोकं छताला लागतं, म्हणून तो हळूहळू पुढे घसरतो. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो, कंबर मागे कलते. आजच्या व्याख्यानातली माझी मुख्य गोष्ट इथेच आहे, म्हणून जरा थांबतो. नीट बसलेल्या माणसाचा खालचा पट्टा कमरेच्या दोन पुढे आलेल्या हाडांवर टेकतो. ती हाडं मजबूत, धक्का झेलणारी. घसरून बसलात की ती हाडं मागे कलतात आणि तोच पट्टा पोटाच्या मऊ भागावर चढतो. धडकेत शरीर पट्ट्याखालून पुढे सरकतं आणि पट्टा आतड्यांवर रुततो. १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी तीन टोकांचा पट्टा गाडीत आणला, तो माणूस सरळ बसला आहे असं धरून. दुकानातला विक्रेता ‘आराम’ आणि ‘सेफ्टी’ वेगळ्या पानांवर दाखवतो. मला एकतीस वर्षांत ती दोन पानं कधी वेगळी करता आली नाहीत. जिथे शरीर नीट बसत नाही, तिथे पट्टाही नीट बसत नाही.

मळमळीचं थोडक्यात सांगतो, कारण एसटीच्या मागच्या सीटवर बसलेल्यांना शिकवायची गरज नाही. चाकांच्या मागे बसलं की प्रत्येक खड्डा मोठा होऊन पोचतो, सी-सॉच्या टोकाला बसल्यासारखा. त्यात मागची काच चिंचोळी. कानातला तोल सांगतो की आपण वळतोय, आणि डोळ्यांना दिसते ती फक्त मधल्या सीटची पाठ. आंबोलीच्या किंवा कुंभार्लीच्या घाटात मुलं ओकतात तेव्हा आपण सकाळच्या मिसळीला दोष देतो. मिसळ बहुधा निर्दोष असते.

आता धडकेकडे. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या भारत एनकॅपच्या चाचण्या लागू झाल्या. ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडीचा समोरचा एक भाग अडथळ्यावर आदळवतात. पुढच्या दोन सीटवर मोठ्या माणसांचे पुतळे असतात, मधल्या ओळीत दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांचे. तिसऱ्या ओळीत पुतळा बसवण्याची अट त्यात नाही. जाहिरातीत सात माणसं हसत असतात आणि वर पाच तारे. ते तारे पहिल्या दोन ओळींनी कमावलेले असतात. हे आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने समोरून होणाऱ्या धडकेच्या आपल्या एका जुन्या चाचणीत दुसऱ्या ओळीत पुतळा बसवला तो २०२२ मध्ये. तिथल्या सरकारी नियमात गाडीवर मागून ताशी ८० किलोमीटर वेगाने ठोकळा आदळवतात, पण बघतात काय, तर इंधन गळतं का.

उगाच घाबरवत नाही. समोरून धडक झाली तर तिसरी ओळ सर्वांत लांब असते आणि पट्टा नीट लावला असेल तर ते अंतर उपयोगी पडतं. बाजूने धडक आली तर चाकावरची कमान आणि आस थोडी आड येतात. भीती मागून आहे. गाडीचं नाक चुरगळायला बॉनेटची लांबी मिळते. मागे, शेवटच्या सीटच्या डोक्यापासून काचेपर्यंत, काही गाड्यांत वीतभर जागा असते. मागून कोण येणार, असं विचाराल तर पुण्याच्या नवले पुलाचा उतार आठवा. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने कितीतरी वाहनांना धडक दिली.

त्या वीतभर जागेत जीव सांभाळायला हाताशी असते ती डोक्यामागची उशी. आणि ड्रायव्हर म्हणतो, ‘ती खाली घे, मागचं दिसत नाही.’ आपण घेतो. मग ती मानेच्या मागे येते आणि धक्का बसला की डोकं तिच्यावरून मागे जातं. गाडी सुरू करण्यापूर्वी ती कानाच्या वर येईल इतकी ओढा. आरसा जरा कमी दाखवेल, दाखवू द्या. बाजूचा पडदा-एअरबॅग तिसऱ्या ओळीपर्यंत येतो की दुसरीतच संपतो, हेही विक्रेत्याला विचारा. ‘सहा एअरबॅग’ या शब्दांत ते उत्तर नाही.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर गाडीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते, पट्टा लावलेला नव्हता. मागच्या सीटलाही पट्टा असतो हे कित्येकांना त्या आठवड्यात कळलं. नियम जुनाच आहे. तोंड पुढे असलेल्या प्रत्येक सीटवर पट्टा, नाहीतर हजार रुपये दंड. पण ‘मागची सीट’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर दुसरी ओळ येते. तिसरीपर्यंत ती चर्चा पोचलीच नाही. तिथला पट्टा अडकवायचा खटका बहुधा गादीच्या फटीत बुडालेला असतो, शेंगदाण्यांच्या टरफलांसोबत. (हशा)

आणि तिथे बसतं कोण? मुलं, कारण ती ‘मावतात’. घरी कामाला येणाऱ्या मावशी. लग्नाला निघालेल्या गाडीत, एकदा मी स्वतः पाहिलं, सहा महिन्यांची गरोदर सून, कारण सासरे, चुलत सासरे आणि आत्याबाई मधल्या ओळीत बसल्या होत्या. गाडी पसंत करताना जो बसून बघतो तो ड्रायव्हरच्या सीटवर बसतो, फार तर मधल्या. तिसऱ्या ओळीत बसणाऱ्याला शोरूमला कुणी नेत नाही. नेलंच तर तो पहिला प्रश्न विचारेल: बाहेर कसं यायचं? त्याला स्वतःचं दार नसतं. पुढच्याने उठायचं, सीट दुमडायची, मग हा निघणार. गाडी उलटली असेल आणि पुढचा बेशुद्ध असेल तर काय, याचं उत्तर माहितीपत्रकात शोधून बघा.

वेळ संपत आली, अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. प्रश्न नंतर घेऊ. मला घेऊन आलेली गाडी मंडपाबाहेर निंबाखाली उभी आहे, मालकांची परवानगी काढून ठेवली आहे. पन्नाशीच्या पुढच्या कर्त्या पुरुषांनी आधी यावं. डाव्या दाराने आत शिरा, मागे जाऊन बसा, मी दार लावून घेतो. मधली सीट दुमडायचा खटका कुठे आहे ते मी सांगणार नाही.