गाडीला लागणारी जागा

पुण्यात कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची बैठक गेल्या पावसाळ्यात झाली. आर्किटेक्टने सतरंजीवर नकाशा पसरला. खाली तळघर, वर स्टिल्ट, त्यावर दोन मजले पोडियम, सगळं पार्किंग. राहती घरं तिसऱ्या मजल्यापासून. तळमजल्यावरच्या आजींनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "यात मी कुठं आहे?" आजींच्या घरात कधी सायकलसुद्धा नव्हती. आर्किटेक्ट म्हणाला, "आजी, तुम्हालाही एक पार्किंग मिळतंय की!"

हे पार्किंग त्यांच्या पदरात कुणी टाकलं?

जमीन आणि स्थानिक स्वराज्य हे विषय घटनेने राज्यांकडे दिलेत. म्हणून दिल्लीहून येतात ती धोरणं आणि नमुना नियमावल्या. त्यातलं काय घ्यायचं ते राज्य ठरवतं. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात लाखमोलाची गोष्ट आहे: आधी माणसांच्या ये-जा करण्याचा विचार करा, मग वाहनांचा, आणि पार्किंगचं शुल्क जमिनीच्या खऱ्या किमतीला साजेसं ठेवा. पण केंद्राच्याच २०१६च्या नमुना बांधकाम नियमावलीत इमारतीला किमान किती पार्किंग हवं याचं कोष्टक आहे. आपल्या राज्याच्या २०२०च्या एकत्रित नियमावलीतही तसंच कोष्टक आहे. नकाशा मंजूर होतो तो कोष्टक पाहून. धोरण तिथं कुणी उघडत नाही.

केंद्राच्या कोष्टकाशेजारचे आकडे मी दोनदा तपासले. एका मोटारीला उघड्यावर २३ चौरस मीटर जागा धरायची, स्टिल्टखाली २८ आणि तळघरात ३२. पंतप्रधान आवास योजनेत २०१५ साली दुर्बल घटकांच्या घराची मर्यादा ठरली ३० चौरस मीटर चटई क्षेत्र. गाडीच्या आकड्यात रॅम्प आणि वळायची जागा धरलेली असते, घराच्या आकड्यात जिना नसतो, हे मला मान्य आहे. तरी ही दोन मापं शेजारी ठेवून बघवत नाहीत.

पुण्यात तळघर म्हणजे काळा पाषाण फोडणं. त्या फोडकामाचा खर्च जातो कुठं? २०१०मध्ये दहिसरच्या सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, स्टिल्टमधली जागा बिल्डरला वेगळी विकता येणार नाही. निकाल न्याय्यच होता. पण खर्च चौरस फुटाच्या दरात बसतो, आणि गाडी नसलेलाही तो भरतो.

मग पार्किंगवर कमाल मर्यादा घालावी? इंग्लंडने २०००मध्ये नव्या वसाहतींत घरामागे सरासरी दीड गाडीची मर्यादा सुचवली. गाड्या फुटपाथवर चढल्याची ओरड झाली आणि पुढे सरकारने ती गुंडाळली. रस्त्यावर गाडी फुकट उभी राहत असेल, तर इमारतीचा नियम एकटा काय करणार? पुणे महापालिकेने २०१८मध्ये रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क लावायचं धोरण मंजूर केलं, ते रखडलं. माझं मागणं एवढंच, की मेट्रोजवळ किमान पार्किंगची सक्ती काढा, रस्त्यावरच्या जागेचं भाडं घ्या आणि तो पैसा बसला द्या.

वनाझ स्थानक आमच्या फाटकापासून चालत दहा मिनिटांवर आहे. आजींनी संमतीपत्रावर सही केली आणि खाली लिहिलं, "पार्किंग नको. स्वयंपाकघर थोडं मोठं द्यावं." आठवड्याने उत्तर आलं: नियमात बसत नाही.